ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये जातायत, काय करू?

हापूसपेटी_रत्नागिरी: पाडव्याला जुन्या यादीवर ११ हजार जणांना ऑफरचा मेल टाकला, आणि तेव्हापासून ऑर्डर कन्फर्म झाल्याचे मेल पण जीमेलवर थेट स्पॅममध्ये, गिऱ्हाईक फोन करून विचारतं की पैसे कापले पण मेल कुठाय. दोन्ही एकाच डोमेनवरून जातात. ऐन सीझनमध्ये डोक्याला ताप झालाय.

डीएनएसचा_हमाल: एकाच डोमेनवरून, तिथेच घात झाला बघा. ऑर्डरचे मेल एका सबडोमेनवरून (मूळ डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेला पत्ता) आणि ऑफरचे दुसऱ्यावरून पाठवा, म्हणजे ऑफरवर कोणी स्पॅम दाबलं तरी बिलाच्या मेलला झळ कमी बसते (अजिबात नाही असं नाही हां). आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे तपासायला डोमेनच्या सेटिंगमध्ये टाकायच्या नोंदी) तिन्ही लागतात, ऑफरच्या मेलला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब पण. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये स्पॅम रेट (किती टक्के मेलवर लोक स्पॅम दाबतात) बघा, ०.३ टक्क्याला टेकला की संपलं, ०.१ च्या खालीच ठेवा.

पुणेकर_दुकानदार: एसपीएफचे (तुमच्या डोमेनवरून कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) दोन रेकॉर्ड तर नाहीत ना? मी नवीन मेल सर्व्हिस घेतली तेव्हा दुसरा टाकून बसलो होतो, दोन असले की दोन्ही फेल. एकाच रेकॉर्डमध्ये दोन्ही मेल सर्व्हिसचे इन्क्लूड (परवानगीच्या नोंदी) टाकायचे.

हापूसपेटी_रत्नागिरी: अहो दोनच आहेत!! आत्ता एक करतो. आणि तीन वर्षांत एकदाही न उघडणारे यादीतून काढतोय, ४ हजार निघाले.

डीएनएसचा_हमाल: काढा बिनधास्त. नवीन सबडोमेनवरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना नका पाठवू, थोडे थोडे वाढवा.