‘हेतू’ की ‘मध्यमपद’?

अनुवादिका: अकरावीच्या मुलांसाठी तर्कशास्त्राच्या पुस्तिकेचा अनुवाद करताना ‘मिडल टर्म’साठी मी ‘हेतू’ हा शब्द योजला. ‘पेठांतील सर्व वाडे जुने आहेत, शनिवारवाडा हा पेठेतील वाडा आहे, म्हणून शनिवारवाडा जुना आहे’ या उदाहरणापाशी भाचीने विचारले, “मावशी, यात वाड्याचा हेतू काय?” मुद्रितशोधकांनी सर्वत्र ‘मध्यमपद’ केले आहे. ते राहू द्यावे का?

सदाशिवपेठी: अवश्य. निष्कर्षाचे उद्देश्य ते पक्षपद, विधेय ते साध्यपद, आणि दोन्ही आधारविधानांत येऊन निष्कर्षातून नाहीसे होते ते मध्यमपद, असे आम्ही शिकलो. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाला पंगतीचे आमंत्रणच नसावे, तसे.

न्यायप्रेमी: मध्यम म्हणजे कशाच्या मध्ये? दुसऱ्या आकृतीत (आकृती म्हणजे मध्यमपदाच्या जागेवरून ठरणारा अनुमानाचा साचा) ते दोन्ही आधारविधानांचे विधेय असते आणि तिसरीत दोन्हींचे उद्देश्य. ‘जुन्या वस्तू, त्यांत पेठांतील वाडे, त्यांत शनिवारवाडा’ अशी व्याप्तीची उतरंड फक्त पहिल्या आकृतीत दिसते. शिवाय पक्ष आणि साध्य न्यायदर्शनाकडून, म्हणजे आपल्या भारतीय तर्कशास्त्राकडून, घ्यायचे आणि तिसरेच पद ग्रीकांकडून उसने आणायचे, हा कुठला न्याय? ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’, म्हणजे ‘धूर आहे म्हणून डोंगरावर अग्नी आहे’, यातील पंचमीचा अर्थ आपण ‘धुरामुळे’ असाच करतो, आणि हेतू म्हणजे तेच कारण.

निवृत्त शिक्षिका: व्यवहारात मात्र ‘हेतुपुरस्सर’ म्हणजे मुद्दाम, आणि मुले तोच अर्थ घेऊन वर्गात येतात. त्यातून नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, अनुमानातील पाच अवयवांत (वाक्यांत) दुसऱ्या अवयवाचे नावही हेतूच, म्हणजे पद आणि वाक्य एकाच नावाने ओळखायचे. त्याचा पर्यायी शब्द ‘लिंग’ आहे. तो अकरावीच्या वर्गात एकदा उच्चारून पाहावा.

सदाशिवपेठी: एकच शब्द दोन अर्थांनी वापरला की तीनाची चार पदे होतात. आपल्या या वादातच चतुष्पदी दोष शिरला आहे.

न्यायप्रेमी: मग ‘निगमन’ही टाकून द्या. नैयायिकांच्या लेखी तो पाचवा अवयव, म्हणजे निष्कर्षवाक्य. आपण मात्र विगमनाच्या (‘इंडक्शन’च्या) जोडीला बसवून अनुमानाच्या अख्ख्या प्रकारालाच, ‘डिडक्शन’ला, ते नाव दिले.

अनुवादिका: ‘निगमन’ माझ्या प्रस्तावनेतच अकरा वेळा आले आहे, आणि पुस्तिका सोमवारी छापखान्यात जायची आहे. ‘हेतू’चे काय करू, ते कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षिका: अवयवांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते: चौथा अवयव ‘उपनय’ आणि मुंजीतले ‘उपनयन’ एकाच धातूपासून आले ना?

न्यायप्रेमी: होय, दोन्ही उप अधिक नी. तिथे बटू गुरूजवळ, इथे हेतू पक्षाजवळ.

सदाशिवपेठी: पाहा, पुन्हा हेतू!