जर्नलमधलं ९.८१: पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला उत्तर ‘जुळवणं’ बंद व्हायला हवं का?

निरीक्षक

माझी भाची यंदा एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. परवा तिचं जर्नल चाळत होतो. साध्या लंबकाचा प्रयोग, g (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गात) = ९.८१, खाली सही. कच्च्या वहीत मात्र ९.७७ होतं. विचारलं तर म्हणाली, “मामा, सगळेच करतात. उत्तर ९.८१ धरायचं आणि मागे येत येत रीडिंग भरायची.” माझ्या वेळीही हेच चालायचं, मीही केलंय.

वाईट याचं वाटलं की खोडलेलं उत्तरच खऱ्याच्या जवळचं होतं. g जगभर सारखा नसतो. विषुववृत्तावर साधारण ९.७८, ध्रुवांवर ९.८३. आपल्याकडे पुण्या-मुंबईला ९.७९च्या आतबाहेर. ९.८१ हा आकडा लंडन-पॅरिसच्या अक्षांशांचा. म्हणजे पोरीने पुण्यात मोजलेलं खोडून पॅरिसचं लिहिलं!

१६७२ साली झ्यां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याने लंबक जरासा आखूड केला, आणि किती केला ते लिहून ठेवलं. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे हे मांडताना न्यूटनला ही नोंद कामी आली. रिशेने पॅरिसचा आकडा ‘जुळवला’ असता तर?

माझं मत स्पष्ट आहे. जुळवलेल्या उत्तराला शून्य, आणि प्रामाणिकपणे मोजलेल्या ‘चुकीच्या’ उत्तराला पूर्ण गुण.

सांगलीकर

असहमत. भाचीचं उत्तर खऱ्याच्या जवळ आलं हा योगायोग आहे, गणित करून बघा. एक मीटर लंबकाची वीस आंदोलनं g ९.७९ असेल तर ४०.१६ सेकंदांत होतात, ९.८१ असेल तर ४०.१२ सेकंदांत. फरक ०.०४ सेकंदाचा. स्टॉपवॉच दाबतानाच हात ०.१-०.२ सेकंद इकडेतिकडे होतो. त्या मोजणीत पुणे आणि पॅरिस वेगळे दिसूच शकत नाहीत.

आणि परिस्थिती बघा ना. मी शिकलो त्या कॉलेजात वीस जणांच्या बॅचला लंबकाचे दोन सेट होते. फ्लायव्हीलची (प्रयोगातल्या जड चाकाची) दोरी एकदा गुंतली की तास तिथेच संपायचा. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हणजे जडत्वाचं आघूर्ण, हे समजेपर्यंत पहिली चाचणी होऊन गेली होती. गणिताच्या सरांनी डिफरेन्शियल इक्वेशन सुरूही केलं नव्हतं आणि फिजिक्सच्या फळ्यावर सरल आवर्त गतीचं (लंबकासारख्या हेलकाव्यांचं) समीकरण सोडवून झालं होतं. अशा मुलाला आधी थिअरी नीट द्या, प्रामाणिकपणाचे गुण मग कापा.

निरीक्षक

वीस आंदोलनांचं गणित मान्य. पण वीसच का मोजायची? दोनशे मोजली तर तोच फरक ०.४ सेकंदांचा होतो आणि हाताची चूक आहे तेवढीच राहते. सात मिनिटांचंही काम नाही. लांबी तेवढी मिलिमीटरपर्यंत नीट घ्यावी लागेल. हे मुलांना कुणी सांगतच नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं.

लॅबमधली मॅडम

मी अशी जर्नलं तपासते, म्हणून लिहिते. जुळवलेलं लगेच कळतं. L (लंबकाची लांबी) विरुद्ध T² (एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग) च्या आलेखावर सगळे बिंदू पट्टी लावल्यासारखे रेषेवर बसलेले असतात. खरी मोजणी अशी कधीच येत नाही.

तरीही शून्य देण्याच्या मी विरोधात आहे. मूल बारावीपर्यंत हेच शिकून आलेलं असतं.

एका वर्षी एका बॅचमधल्या बऱ्याच जणांचा g ९.६९च्या आसपास आला. दोघांनी जुळवून टाकला, बाकीच्यांना मी थांबवलं. आलेख काढला तर रेषा शून्यातून जाईना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आपण लांबी हुकापर्यंतच मोजलीय, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही.” एक सेंटिमीटर कमी! गंमत म्हणजे रेषेचा चढ बरोबरच होता, त्यातून g नीट निघाला, आणि रेषा अक्षाला जिथे छेदत होती तिथून राहून गेलेला तो सेंटिमीटरही मिळाला. सेमिस्टरभरात मुलांनी स्वतःहून शिकलेलं एवढं एकच, असं मला वाटतं. ज्या दोघांनी जुळवलं त्यांच्या हाती काहीच लागलं नाही.

गुण द्यायचेच तर उत्तरापुढच्या ± ला, म्हणजे मोजणीत किती चूक असू शकते त्या अंदाजाला द्या. ९.६ ± ०.२ लिहिणाऱ्याला मी नुसत्या ९.८१ पेक्षा जास्त देते.

सांगलीकर

हुकाचा किस्सा आवडला, मनापासून. पण मॅडम, वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात. ते ९.६९ बघून गुण कापतात. ते तुम्ही थांबवू शकता?

लॅबमधली मॅडम

नाही. उत्तराखाली कारण लिहायला लावते. काही परीक्षक वाचतात, काही वाचत नाहीत.

सांगलीकर

मग ज्याची स्कॉलरशिप दोन-चार गुणांवर अडली आहे, त्या पोराला मी आजही ९.८१ लिही असंच सांगणार. तुम्ही प्राध्यापक मंडळींनी आधी परीक्षकांना पटवा.

निरीक्षक

परीक्षेचं मी तुम्हाला बोलणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण जर्नल तर वर्षभराचं असतं. रविवारी भाची येतेय. गॅलरीत दोरा बांधून ठेवलाय. दोनशे आंदोलनं मोजू आणि जे येईल ते, ± सकट, इथे टाकतो.