उत्तर: उत्तर: मंडळाच्या अंकाचा पीसी, विंडोज ११ वर १४ ऑक्टोबरच्या आत करायचा की नाही? (सप्टेंबर २०२५)

सु. दे.
मंडळी, गणपतीत बोलायचं राहून गेलं. अंकाच्या पीसीवर रोज पडदाभर सूचना येते, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. अंक ३० सप्टेंबरला छपाईला जायचाय. भाऊ म्हणतात आत्ताच विंडोज ११ टाकून मोकळे व्हा. माझं म्हणणं, पानं लागेपर्यंत त्या मशीनला कुणी हात लावू नये. श्रीलिपीचे मराठी फाँट, पानं लावायचा पेजमेकर, सॉफ्टवेअर चालू करणारं यूएसबीतलं डोंगल, सगळं त्याच्यावरच आहे.

भाऊ
ताई, 'आत्ताच' नव्हतो म्हणालो, 'या महिन्यात' म्हणालो होतो. माझ्या लॅपटॉपवर आरामात झालं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा, ११ चालेल अशी हिरवी खूण आली की बिनधास्त करा. नाही आवडलं तर दहा दिवसांत जुन्यावर परत जाता येतं.

निखिल, वेबसाइट
भाऊकाका, जुनं न पुसता त्याच्यावरच अपग्रेड केलं तरच ते दहा दिवस. शनिवारी मशीन बघून आलो. विंडोज जुन्या ३२-बिट प्रकारचं आहे. डोंगलचा जुना ड्रायव्हर ६४-बिटवर चालत नाही म्हणून कुणीतरी मुद्दाम तसं ठेवलंय. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे डिस्क पुसून नव्याने टाकावं लागेल, मग परत कुठे जाणार? शिवाय प्रोसेसर इंटेलचा सहाव्या पिढीचा, अकराला आठवी लागते. हिरवी खूण विसरा.

आणि १४ तारखेला मशीन बंद पडत नाही हो. सुरक्षेचे अपडेट थांबतात, एवढंच. तेही आपल्याकडे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील: ३० डॉलर भरा, किंवा सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सिंक केल्या तर फुकट. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असायला हवी. खातं दोन्हीकडे लागतंच.

खजिनदार
खातं कुणाच्या नावावर? वेबसाइटचं डोमेन एकांच्या खासगी ईमेलवर होतं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाच्या नावाने काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा. पैसे भरलेत तर पावती माझ्याकडे.

वहिनी
खात्यावरून आठवलं. ह्यांनी उन्हाळ्यात नवा लॅपटॉप घेतला. एका सकाळी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम, अपडेट झालं आणि निळा पडदा, डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी की द्या म्हणे. कुठली की! मुलाने सेट करून दिला होता, ती त्याच्याच खात्यात निघाली. तो नेमका परीक्षेत, फोन बंद. आता छापून पासपोर्टांच्या पिशवीत ठेवलीय. अपग्रेडच्या आधी प्रत्येकाने आपापली बघून ठेवा.

अण्णा
मूळ दुखणं विंडोज नाही, श्रीलिपी आहे. अंक युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालतं त्या मराठीत, करा म्हणून किती वर्षं सांगतोय. विंडोजऐवजी लिनक्सवर सगळं फुकटात होतं.

सु. दे.
अण्णा, पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्याची २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची. गेल्या वेळी तुमचाच लेख युनिकोडमधून आणला तर रफार आणि पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. मी एकेक हाताने लावत होते. लिनक्सवर तुम्ही करणार असाल तर पुढचं वर्ष तुमचं.

अण्णा
मी सल्लागार समितीत आहे.

निखिल, वेबसाइट
अंक जाईपर्यंत काही नको. फक्त डिस्कचा क्लोन, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी दुसरी डिस्क, आत्ताच काढून ठेवू, आणि तो दुसऱ्या डिस्कवरून सुरू होतो का तेही बघू. फाइलींची नुसती कॉपी उपयोगाची नाही. जुन्या अंकांच्या फाँटसकट पीडीएफ करून घेऊ. मग मशीनचं इंटरनेट काढायचं, म्हणजे ३० डॉलरही नकोत.

सु. दे.
इंटरनेट कसं काढू? लेख मेलवर त्याच मशीनवर येतात.

खजिनदार
ते तुमच्या लॅपटॉपवर घ्या आणि पेनड्राइव्हने न्या. आधी व्हायरस तपासा.

भाऊ
माझ्याकडे एक टीबीची रिकामी डिस्क आहे. रविवारी दुपारी येतो, क्लोन करून टाकू.

सु. दे.
या. पण मागच्या यूएसबीतलं काही उपसू नका, डोंगल तिथेच आहे. आणि तीननंतर या, दोनला शाळेची मुलं मुखपृष्ठाची चित्रं घेऊन येतायत.