काजूत वानर मरून पडलाय, माकडताप असेल का?

प्रश्न (दोडामार्ग): काल बागेत वानर मेलेला दिसला. अंगावर जखम नाही, जवळ विजेची तारही नाही. बोंडं पडायला लागलीत, गडी उद्या येणार. उंदीर, साळिंदर, गुरं... नक्की कुणात असतो हा ताप?

उत्तर (सत्तरी): ताई, आधी गड्यांना थांबवा! माकडताप हा विषाणूचा आजार, गोचिडी चावून माणसाला होतो. वानर मेला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. हात लावू नका, पुरूही नका. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला आजच कळवा. नुसतं बघून निदान होत नाही, नमुना तपासावा लागतो. वानर आणि लालतोंडी माकडं या विषाणूने मरतात, म्हणून आपल्याला कळतं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातही मेलेल्या माकडांमुळेच आजार लक्षात आला. उंदीर, चिचुंद्र्या मात्र गुपचूप विषाणू बाळगतात.

प्रश्नकर्ती: आणि गुरं? आमची म्हैस तिथेच चरते.

उत्तर (बांदा): तिच्यापासून थेट लागण नाही, पण गोचिडी घरी येतात. म्हैस तिकडे सोडू नका. कुणाला अचानक ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना मेलेल्या वानराचं आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती: गडी थांबवले. केंद्रात फोन केलाय.