घर घेताना रहिवाशांचा कौल मोजावा का?

पर्वरीकर

गोव्यातल्या पर्वरीत दोन बेडरूमचा फ्लॅट शोधत आम्ही नवरा-बायको गेले दीड वर्ष फिरत आहोत. या काळात जाहिरातपत्रके पुष्कळ वाचली, नमुना फ्लॅट पाहिले, दलालांची गोड बोलणी ऐकली. परंतु खरा उपयोग झाला तो एका जुन्या इमारतीतील रहिवाशांनी दिलेल्या उत्तरांचा. आम्हाला आवडलेल्या प्रकल्पाच्याच बिल्डरने सहा वर्षांपूर्वी जवळच एक इमारत बांधली आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने आमचे चार प्रश्न त्यांच्या व्हॉट्सॲप गटात मतदानासाठी टाकले: ताबा ठरल्या तारखेला मिळाला का, पावसाळ्यात भिंतींना ओल येते का, एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो का, आणि याच बिल्डरकडून पुन्हा घर घ्याल का?

अठ्ठेचाळीस घरांपैकी एकतीस घरांनी मत नोंदवले. तेवीस घरांनी ओल येते असे सांगितले, आणि गंमत अशी की चौथ्या प्रश्नाला सव्वीस घरांचे उत्तर ‘हो’ असे होते. म्हणजे ओल सोसूनही ही माणसे त्या बिल्डरवर नाराज नाहीत. कोणत्याही जाहिरातीत ही गोष्ट मला वाचायला मिळाली नसती.

म्हणून माझे मत असे आहे की, घर घेणाऱ्यांनी एकमेकांसाठी असे कौल नियमितपणे घ्यावेत, बिल्डरकडून एक पैसाही न घेणाऱ्या माणसांनी इमारती स्वतः पाहून परीक्षणे लिहावीत, आणि हे सारे पुढच्या ग्राहकाला सहज मिळेल असे ठेवावे. आयुष्यभराची पुंजी घालताना आपण अजूनही विकणाऱ्याच्याच शब्दावर विसंबतो, याचे मला नवल वाटते.

माजी कारकून, म्हापसा

आपला हेतू चांगला आहे. तरीही मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. नोंदणीच्या कामात माझी बत्तीस वर्षे गेली. त्या काळात ओलीमुळे कोणाचे घर गेलेले मी पाहिले नाही. कागदामुळे गेलेली पाहिली.

गोव्यातील जमिनीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्यात, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे जमीन विकताना दोघांचीही संमती लागते. मूळ मालक वारला असेल तर वारसांचा दस्त किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे न्यायालयात झालेल्या वाटणीची कागदपत्रे, पाहावी लागते, आणि लिस्बनमध्ये किंवा आखातात असलेल्या एखाद्या वारसाची सही राहिली असेल तर तो वाद वीस वर्षांनीसुद्धा दारात उभा राहतो. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असाही अनेकांचा गैरसमज असतो. त्याच उताऱ्यावर कुळाचे किंवा मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव आहे का, हे तर फारच थोडे लोक पाहतात. त्यानंतर जमीन बिगरशेती झाल्याची सनद, बांधकाम परवाना आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला.

यांपैकी एकाही गोष्टीवर आपले एकतीस मतदार काय सांगणार? त्यांनी पाहिलेली इमारत एका जमिनीवर आहे आणि आपण घेणार ती दुसऱ्या. बिल्डर एकच असला तरी सर्व्हे नंबर बदलला की सारी परीक्षा नव्याने सुरू होते.

आणि संरक्षण म्हणाल तर ते कायद्यात आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत विक्रीकरार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि जमिनीची मालकी सदोष निघाली तर भरपाई मागण्याला मुदतीचे बंधनही नाही. देवळात कौल लावताना निदान प्रश्न एक आणि देव एक असतो. इथे देव एकतीस.

भाडेकरू, ताळगाव

माजी कारकुनांनी सांगितलेले कागद कोणीही टाळू नयेत. परंतु कागदांची फाइल निर्दोष असलेल्या घरात मी चार वर्षे राहिले आहे, आणि तिथे पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये दर जुलैत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटत असत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवले होते, तरी आतल्या रेशमी साड्यांवर पांढरी बुरशी येत असे. सनद पाहून हे कळले नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारच्या बाजूला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणाऱ्या जलवाहिन्या फुटल्या आणि आमच्या तिसवाडी तालुक्यात कित्येक दिवस नळ कोरडे राहिले, तेव्हा कोणत्या इमारतीची जमिनीखालची टाकी किती दिवस पुरली हेही तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक आहे.

दुसरे असे की, रेराची नोंदणी प्रत्येक इमारतीला लागत नाही. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गावांमध्ये अशा सहा-आठ घरांच्या इमारती किती आहेत ते डोळ्यांसमोर आणा. तिथे ग्राहकाला रेरा प्राधिकरणाकडे प्रकल्पाची माहिती मिळत नाही. शेजाऱ्याचे तोंड तेवढे असते.

मात्र पर्वरीकरांना माझा एक आक्षेप आहे. त्यांनी घरमालकांना विचारले. ज्याला उद्या फ्लॅट विकायचा आहे तो आपल्या छताला गळती असल्याचे चारचौघांत कशाला सांगेल? भाव पडेल तो त्याचाच. आमच्या इमारतीत निम्म्याहून अधिक मालक दिल्ली-मुंबईचे. ते नाताळात पंधरा दिवस येतात, गॅलरीत बसून चहा पितात आणि वास्तू फार सुंदर असल्याचे लिहून जातात. डिसेंबरमध्ये गोव्यातले प्रत्येक घर सुंदर असते. मत विचारायचे तर भाडेकरूला विचारा. त्याला भावाची काळजी नसते आणि पावसाळा त्याने आत राहून काढलेला असतो.

हिशेबनीस, मडगाव

वरील प्रतिसादातील शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष पर्वरीकरांच्या विरोधात जातो.

मागे एका इमारतीविषयी घेतलेला असाच कौल माझ्या पाहण्यात आला. इमारतीत फ्लॅट चव्वेचाळीस आणि मते पडलेली एक्क्याहत्तर. कोणी म्हणेल की एका घरातील दोघांनी मते दिली असतील. असतील, पण ताबाच न मिळालेल्यांनी, केवळ बुकिंगची रक्कम भरलेल्यांनी, शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी आणि बिल्डरच्या कार्यालयातल्या मुलांनी मते दिली नाहीत हे कसे ठरवणार? शेवटी वाचणाऱ्याच्या हाती ‘ब्याऐंशी टक्के समाधानी’ एवढाच आकडा येतो आणि तो तर छापील जाहिरातीपेक्षाही घातक, कारण त्यावर विश्वास बसतो.

ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे. अभिप्राय लिहिणारा खरा माणूस आहे का, हे ईमेल किंवा मोबाइलवरून तपासण्याचे मार्ग त्यात दिले आहेत. मिक्सरपुरते ते कदाचित पुरेसे असेल. घराच्या बाबतीत माणूस खरा असणे पुरेसे नाही. तो त्या घरात किती पावसाळे राहिला हे कळले पाहिजे, आणि मोबाइलवर येणारा सहा आकडी संकेत ते सांगत नाही.

‘स्वतंत्र’ परीक्षणांविषयी तर मी अधिकच साशंक आहे. सकाळपासून चार इमारती हिंडून, फोटो काढून, पानभर लिहिणाऱ्याचे पेट्रोल कोण भरतो? वाचक भरत नसेल, तर आज ना उद्या बिल्डर भरतो.

फोंडेकर

आपण सगळे कौलाचा विचार घर घेण्याआधीचा म्हणून करत आहात. आमचा अनुभव नंतरचा आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या पावसाळ्यात गळती सुरू झाली. जो तो बिल्डरला एकेकटा फोन करत असे आणि प्रत्येकाला ‘तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे’ हे एकच उत्तर मिळत असे. अखेर सोसायटीच्या सचिवांनी प्रत्येक घराला कागदावर तीन प्रश्न दिले: कोणती खोली, कोणती भिंत, कोणत्या महिन्यापासून? मते मोजायची नव्हती, तरी मोजली गेली. बावीस घरांपैकी चौदा घरांची गळती एकाच बाजूची आणि एकाच नळमार्गाला लागून असल्याचे दिसले. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असे रेराच्या चौदाव्या कलमात आहे. तो तक्ता जोडून आम्ही सर्वांच्या सह्यांचे पत्र दिले. दुरुस्तीला तीस दिवसांऐवजी पाच महिने लागले, पण ‘एकट्याचीच तक्रार’ हे वाक्य त्यानंतर पुन्हा ऐकू आले नाही.

तेव्हा हिशेबनीस म्हणतात तसा टक्क्यांचा आकडा निरुपयोगी असेल, पण घर क्रमांक, भिंत आणि महिना लिहिलेला कागद निरुपयोगी नसतो. तसे कागद इमारतीबाहेरच्या ग्राहकाला दाखवावेत का, यावर मात्र आमच्याच सभेत भांडण झाले. दोन मालकांचे फ्लॅट तेव्हा विक्रीला होते.

पर्वरीकर

सर्वांचे आभार. भाडेकरू ताईंचा आक्षेप मला मान्य करावाच लागेल. सहकाऱ्याला पुन्हा विचारले तेव्हा कळले की, मत दिलेल्या एकतीस घरांपैकी भाड्याची घरे दोनच होती, कारण त्या गटात भाडेकरूंना सहसा घेत नाहीत. म्हणजे ज्यांना ओल सर्वांत जास्त माहीत आहे त्यांना फारसे कोणी विचारलेच नव्हते. पुन्हा घर घेण्याला ‘हो’ म्हणणाऱ्या सव्वीस जणांतील कितीजण तिथे बारा महिने राहतात, हेही मी विचारले नव्हते.

तरीही कौलच नको, हे म्हणणे मला पटत नाही. वकिलाची फी देऊन कागद तपासून घेता येतात. जुलैतली भिंत तपासून देणारा वकील नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्या इमारतीत स्वतः जाणार आहोत. ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न आता काढून टाकला आहे. मजला कितवा, घराचे तोंड कोणत्या दिशेला, किती पावसाळे काढले, गेल्या मे महिन्यात टँकरचे किती पैसे दिले, एवढेच विचारू, आणि नळाला पाणी येते त्या वेळी जाऊ. पेट्रोल आमचेच आहे, हे हिशेबनीसांना मुद्दाम कळवतो.

माजी कारकून, म्हापसा

अवश्य जा. मात्र आपण जो फ्लॅट घेणार आहात त्या जमिनीच्या सनदेची प्रत बिल्डरने दिली का, हे आपल्या दोन्ही लेखनांत कुठेही आलेले नाही.