विषय: सहावीतल्या लेकीचा फोन, फुकटातलं कुठलं ॲप?

प्रेषक: लेझीम पथकातली एक आई

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तालमीच्या मेलांमध्ये हे घुसडतेय, राग मानू नका. लेक सप्टेंबरपासून मिडल स्कूलला जाणार. बसथांबा चार चौक लांब, आम्ही दोघं ऑफिसात, त्यामुळे फोन द्यावाच लागणार. नवऱ्याचा जुना अँड्रॉइड पडलाय, तोच देतोय.

ऑफिसातल्या एकीनं एक ॲप सुचवलं. पोरीला पत्ता लागत नाही, तिचे सगळे मेसेज आपल्याला दिसतात, आणि फुकट. टाकायला गेले तर प्ले स्टोअरवर नाहीच. त्यांच्या साइटवरून फाइल उतरवा आणि आधी 'प्ले प्रोटेक्ट' (घातक ॲप पकडणारी फोनमधली गुगलची तपासणी) बंद करा म्हणतात. तिथे हात थांबला.

तुम्ही काय वापरता? महिना पाच-दहा डॉलर चालतील, त्यापुढे नको. ढोलाची वर्गणी आत्ताच भरलीय.

---

प्रेषक: मंडळाची वेबसाइट सांभाळणारा

ताई, हात थांबला ते बरं झालं. 'प्ले प्रोटेक्ट बंद करा' म्हणणारं ॲप म्हणजे 'कुत्रा बांधा, मग आम्ही आत येतो' म्हणणारा अनोळखी पाहुणा. पोरीचे मेसेज, फोटो, ठावठिकाणा आधी त्यांच्या सर्व्हरवर जाणार, मग तुमच्याकडे येणार. तो सर्व्हर कोण राखतंय? स्पायफोन नावाचं असंच एक ॲप होतं. २०१८मध्ये त्यांच्या सर्व्हरवर कुणीतरी हात मारला, आणि २०२१मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांचं हित बघणारं अमेरिकी सरकारचं खातं) कंपनीला या धंद्यातूनच बाहेर काढलं, चोरून गोळा केलेली माहिती पुसायला लावली.

अँड्रॉइड आहे ना, मग गुगलचं फॅमिली लिंक घ्या. पूर्ण फुकट. तुमचा स्वतःचा आयफोन असला तरी चालतं. उलट मात्र जमत नाही, पोरीकडे आयफोन असता तर त्याचा फारसा उपयोग नव्हता. रोज किती वेळ, रात्री किती वाजता कुलूप, हे तुम्ही ठरवायचं. नवं ॲप टाकायचं झालं तर तुमच्याकडे विचारणा येते. फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं. मेसेज मात्र वाचता येत नाहीत. मला ती उणीव वाटत नाही, पण यावर इथे भांडण होणार हे ठाऊक आहे.

एक करा. जुना फोन आधी पूर्ण पुसा, मग तिच्या नावाचं खातं काढा आणि जन्मतारीख खरी घाला. आम्ही थोरल्याच्या वेळी 'नंतर कटकट नको' म्हणून साल वाढवून टाकलं, आणि सातवीतल्या पोराला गुगल सज्ञान पुरुष समजत होतं. कटकट वाटते त्यामागे १९९८चा कोपा कायदा आहे. तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. इन्स्टा, स्नॅप सगळे तेराचा आकडा सांगतात तो तिथूनच आलाय.

घरच्या राउटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून १.१.१.३ घाला. क्लाउडफ्लेअर कंपनीचं आहे, फुकट आहे, नको त्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत. अर्थात हे घरच्या वायफायपुरतं. मोबाइल डेटा चालू केला की ती सुटली.

---

प्रेषक: ताशा पथक, एडिसन (न्यू जर्सी)

आमच्याकडे आयफोन, म्हणून आमचं रडगाणं निराळं. ॲपलचं स्क्रीन टाइम फोनमध्येच असतं, वेगळे पैसे नाहीत. मोठ्या हौसेनं रात्री साडेआठचा डाउनटाइम (त्यानंतर ॲपना कुलूप) लावला. पहिल्याच शनिवारी नऊ वाजता साताऱ्याहून आईचा व्हॉट्सॲप कॉल. तिकडे सकाळचे साडेसहा. नातवाशी बोलल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नाही. इकडे नातवाच्या स्क्रीनवर वाळूचं घड्याळ. पाच मिनिटांनी मला फोन: "पोराला माझ्याशी बोलायची बंदी केलीस होय रे?"

व्हॉट्सॲप 'ऑलवेज अलाउड'मध्ये, म्हणजे कधीच बंद न होणाऱ्यांत, घातलं. आता आजी पोचते आणि तिच्यामागून आत्येभावांचा ग्रुपही पोचतो. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की तिचा फोन आठलाच येतो, तेव्हाच काय ती शांतता.

लिमिट लावताना 'ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट' चालू आहे ना, बघून घ्या. नसेल तर पोरं 'इग्नोर लिमिट' दाबून पुढे जातात. चालू असलं तरी 'वन मोअर मिनिट' मिळतोच. आमचा पठ्ठ्या तो मिनिट ताटातल्या शेवटच्या गुलाबजामसारखा राखून ठेवतो. आणि पासकोड म्हणून घराचा नंबर ठेवू नका. आमचा तीन दिवस टिकला.

साताऱ्याला गेल्यावर तर सगळंच ओम फट् स्वाहा. त्याच्या फोनवर दोन तास, आजीच्या फोनवर हवे तेवढे. त्यावर कुठल्या कंपनीचं ॲप असेल तर सांगा, मी पैसे भरीन.

---

प्रेषक: पाकशाखेतल्या काकू

सगळे फुकटाचं सांगताय, मी पैसे भरलेली बाई आहे. दोन वर्षं, महिना चौदा डॉलर. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको आणि बदनामीही नको. हे ॲप सगळे मेसेज आपल्याला दाखवत नाही. स्वतः चाळतं आणि धोक्याचं वाटलं तरच कळवतं.

पहिल्याच आठवड्यात मी मीटिंगमध्ये असताना सूचना आली की तुमच्या मुलाच्या संभाषणात मरणाचा उल्लेख आहे. माझे हातपाय गार. पार्किंगपर्यंत पळत गेले, तिथे उभं राहून मजकूर उघडला. 'आय डायड अगेन. लाव्हा.' माइनक्राफ्ट! असे डझनभर तरी झाले असतील.

पण पुढच्या वर्षी एकदा खरंच कुणीतरी त्याच्याकडे फोटो मागत होतं. वय पंधरा सांगत होता, भाषा पंधराची नव्हती. मुलगा मला सांगायला घाबरला होता, ॲपनं सांगितलं. म्हणून ताई, मेसेज न दिसणं ही उणीव नाही हे मला पटत नाही. फक्त मी हे त्याला सांगून लावलं होतं, पहिल्या दिवशी.

---

प्रेषक: मराठी शाळेची माजी विद्यार्थिनी (आता कॉलेजात)

माझं मराठी शाळेतलं आहे, चुका पोटात घाला.

मी नववीत असताना बाबांनी असंच लपणारं ॲप टाकलं होतं. माझा फोन दुपारी दोनलाच मरायचा. बॅटरीच्या यादीत 'सिस्टिम सर्व्हिस' असं काहीतरी सगळ्यात वर, चित्राशिवाय. मैत्रिणीच्या भावानं बघितलं आणि लगेच ओळखलं.

मी भांडले नाही. काढूनही टाकलं नाही. फक्त त्या फोनवर छान छान लिहायला लागले, गृहपाठ, विज्ञान प्रकल्प, 'माय डॅड इज सो नाइस'. खरं ते मैत्रिणीच्या जुन्या आयपॅडवरून. वर्षभर बाबा एका फार शहाण्या मुलीचे मेसेज वाचत होते. त्या वर्षी शाळेत मला खरंच त्रास होत होता, तो त्या फोनवर कुठेच नव्हता.

मागच्या दिवाळीत करंज्या करताना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, सारण ढवळत राहिले, खाली लागेपर्यंत. ते या लिस्टवर आहेत. हाय बाबा.

---

प्रेषक: लेझीम पथकातली एक आई

सगळ्यांचे आभार. वरची मेल नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली, मग तासभर आम्ही दोघंही गप्प.

काल फॅमिली लिंक लावलं, तिला शेजारी बसवून. बाई पक्की व्यापारी निघाली. नऊचं कुलूप साडेनऊवर नेलं. शनिवारी दहा. काकूंची फोटोवाली गोष्ट मी तिला सांगितली, तर म्हणाली, "मला कुणी मागितला तर तू फोन काढून घेणार नसशील तर सांगेन." हे मला कुठल्याच सेटिंगमध्ये सापडलं नसतं. कबूल केलं.

ठावठिकाण्यालाही हो म्हणाली, पण "तुम्ही दोघंही मला दिसले पाहिजेत." रास्त होतं, आम्ही आमचाही चालू केला. आज सव्वापाचला तिचा मेसेज: "आई, तू मीटिंगमध्ये आहेस ना? मग टिपका ओक ट्री रोडवर का?"

---

प्रेषक: तालीम समिती

या विषयावरून एक सूचना. रविवारी तालमीला येताना सगळे फोन दाराशी परातीत. मोठ्यांचेही. मागच्या वेळी लेझमाची तिसरी चाल चुकली तेव्हा रांगेत फोन बघणारी पोरं दोन होती आणि बाबा पाच.

परात काकूंची आहे, मोदकांच्या आधी परत हवी आहे.