'रील द्यू पांद्यू': फासाखालची गोष्ट खरी, की तारांनी सुचवलेली?

मोकळी_तार:
कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेकच्या व्हायोलिनवादकांकडे 'रील द्यू पांद्यू' ही धून (रील म्हणजे जलद नाचाची चाल) आली की तिच्यामागून गोष्ट येतेच. फाशीच्या कैद्याच्या हातात बेसूर व्हायोलिन देतात: वाजवलंस तर सुटलास. त्याने जन्मात गज धरलेला नसतो. मोकळ्या तारांवर चाचपडता चाचपडता धून सापडते आणि मान वाचते.

माझ्या मते हा इतिहास नव्हे, तारांच्या जुळणीचं मागाहून रचलेलं स्पष्टीकरण आहे. एरवी व्हायोलिनच्या चार तारा जी-डी-ए-ई या पाश्चात्य स्वरांना लावतात, इथे ए-ई-ए-सी शार्प, म्हणजे आपलं सा-प-सा-ग. नेहमीची बोटं ठेवून बघणाऱ्याला वाद्य बिघडलेलंच वाटणार. गोष्टीत ना गाव, ना साल, ना न्यायाधीश.

गजकरी:
गाव-साल नाही म्हणून खोटी, हा न्याय लावला तर लोकसंगीतातलं निम्मं बाद होईल. रचना बघा. सुरुवातीचा भाग जवळजवळ मोकळ्या तारांवरच. पुढच्या भागांत स्वर वाढत जातात, काही जण मध्येच डाव्या हाताच्या बोटाने तार छेडतात. किती भाग वाजवायचे ते वादकागणिक वेगळं, पण चाचपडण्यापासून सफाईपर्यंतची चढण सगळीकडे आहे. वरून चिकटवलेली गोष्ट इतकी चपखल बसत नाही.

मोकळी_तार:
चपखल बसते म्हणूनच तर शंका! सा-प-सा-ग लावल्यावर मोकळ्या तारा स्वतःच वाजायला लागतात. सुरुवात तिथूनच होणार, कैदी असो वा नसो. शिवाय 'पांद्यू' म्हणजे फाशी गेलेला. सुटलेल्याच्या धुनेला हे नाव कशाला?

आणि ही कथा एकट्या क्यूबेकची नाही. स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकफर्सनला १६ नोव्हेंबर १७०० रोजी बॅन्फ गावी फाशी दिलं. त्याने फासाखाली व्हायोलिन वाजवून ते मोडून टाकलं, अशी आख्यायिका आहे. तो पट्टीचा वादक, आणि तो सुटत नाही. १७६३ ला क्यूबेक ब्रिटिशांकडे गेल्यावर स्कॉट-आयरिश रील तिथे रुजल्या. 'रील' हा शब्दच स्कॉटिश. धुनांबरोबर गोष्टीही बोटीतून उतरल्या असतील, असा माझा तर्क.

घोडी_सरळ_ठेवा:
कैद्याचं काय झालं ते तुम्ही ठरवा. जी-डी-ए-ई वर वाजवलेली ही रील मात्र ही रीलच नव्हे. मोकळ्या तारांची गाज गेली की उरतो सांगाडा.

जुळवताना ए ला हात लावू नका, तोच षड्ज. जी एक स्वर वर (१९६ वरून २२० हर्ट्झ), डी एक स्वर वर, ई दीड स्वर खाली. जी आणि डी वरचा ताण साधारण २६ टक्के वाढतो, ई वरचा २९ टक्के उतरतो. म्हणून आधी ई उतरवा, मग जी-डी आलटून पालटून थोड्या थोड्या चढवा. एका दमात पिळलं की तार तुटते, नाहीतर घोडी (तारा पेलणारा लाकडी आधार) बोटांच्या पट्टीकडे झुकते. प्रत्येक फेरीनंतर घोडी मागून बघा आणि सरळ करा. ताणलेल्या तारा थोड्या वेळात उतरतात, दोनदा तरी पुन्हा लावाव्या लागतात. कार्यक्रमात वाजवायची तर दुसरं व्हायोलिन आधीच लावून ठेवा.

बोटं चुकतात ती पहिल्या तारेवर, म्हणजे ई ची सी शार्प झालेल्या. मोकळी तार ग, मागे ओढलेलं पहिलं बोट म, मागे ओढलेलं दुसरं प, तिसरं ध, चौथं नी. तार षड्जासाठी करंगळी अजून अर्धा स्वर ताणावी लागते. सवयीने पहिलं बोट जागेवर ठेवलंत की तीव्र मध्यम, आणि मग कैद्याचा काही भरवसा नाही.

पेटीचा_गांधार:
मुख्य अडचण राहिली. सी शार्प कुठे लावायचा? ए शी मिळवून लावला तर ५५० हर्ट्झ, तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधाराच्या जातीचा. क्यूबेकमध्ये साथीला पियानो नेहमीचा, त्याचा ५५४. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे. पियानो असेल तर निमूटपणे चढा गांधार लावा. नुसती पायांची ठेक्याची साथ असेल तर शुद्ध.

गजकरी:
जुळणीवर एकमत. पण जुळणीवरून मूळ ठरत नाही. अशी बदललेली जुळणी बिबर या संगीतकाराच्या सतराव्या शतकातल्या व्हायोलिन सोनाटांतही आहे, तिथे कुणाला फाशी झालेली नाही. मग क्यूबेकमध्येच स्पष्टीकरणाला फास का लागला?

मोकळी_तार:
कारण बिबरची जुळणी स्वरलिपीत लिहिलेली असते, इथे ती कानोकानी शिकवायची. 'बेसूर व्हायोलिन' म्हटलं की शिष्य जुळणी बदलायला विसरत नाही.

शिवाय आज आपण ऐकतो ती सफाई फार अलीकडची. क्यूबेकचा व्हायोलिनवादक जाँ कारिन्याँ (१९१६–१९८८) तिथल्याच जोसेफ अलारकडे शिकला, पण आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमनच्या आणि स्कॉटलंडच्या स्कॉट स्किनरच्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही त्याने घोटल्या होत्या. त्याची 'पांद्यू' ऐका आणि वाजवणारा पहिल्यांदाच गज धरतोय असं कुणाला वाटतं ते सांगा.

गजकरी:
कारिन्याँला फाशी द्यायला कुणी नेलं नव्हतं हो. पहिला भाग तेवढा ऐका, तो अजून कैद्याचाच आहे.